झाल्या सगळ्या

प्रिय शिडी,

हे पत्र तुझ्या हातात पडेल तोवर ते तिघांनी वाचलेलं असेल. एक सरकारी वकील, एक तुझे वकील, आणि त्या दोघांना आपली भाषा कळत नाही म्हणून एक दुभाषी. तसा नियम आहे आणि तो पाळूनच लिहिते आहे. सहा वर्षं मी लोकांचं बोलणं इकडून तिकडे पोचवण्याचा पगार घेतला, आणि आता माझ्याच पत्राला दुभाषी बसवलीय. तिची मला दयाच येते. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, हे तुला माहीत आहे.

आज सुट्टी आहे. नवरा लेकीला घेऊन पोहायला गेलाय आणि मी जेवणाच्या टेबलावरची तिची रंगपेटी बाजूला सारून लिहायला बसले आहे. हो, लग्न झालं माझं. लिफ्ट दुरुस्त करतो तो. दिवसभर अडकलेल्या माणसांना बाहेर काढतो आणि घरी आला की चार शब्दसुद्धा बोलत नाही. लेक पाच वर्षांची आहे. ती मात्र तोंड उघडलं की मिटत नाही, कोणावर गेली ते तुला सांगायला नको. गुडघे दुखतात माझे. उजव्या हाताचा अंगठा सकाळी वळत नाही, त्याला कोमट पाण्यात बुडवून ठेवावं लागतं. तुझा वळतो का? मंगळवारी बघायचं राहून गेलं.

मंगळवारी तू मला ओळखलंस की नाही, हे मला अजून कळलेलं नाही. तोंडाला मास्क, डोक्याला टोपी, अंगात खात्याचं निळं जाकीट, त्यात मी जाडही झालेय. मीही तुला चेहऱ्यावरून ओळखलं नाही. बाईंनी, म्हणजे आमच्या निरीक्षक बाईंनी, तुला वरच्या फळीवरची फाइल मागितली आणि तू टाच न उचलता ती खाली काढलीस. त्यावरून ओळखलं. सगळ्यांना रॅकच्या सहाव्या फळीपर्यंत पोचायला शिडी लागायची आणि तुला लागायची नाही, म्हणून तर तुझं नाव शिडी पडलं. आणि मी सुपरवायझरच्या शिव्या त्याच्याच आवाजात म्हणून दाखवायचे, म्हणून पोपट. इथली भाषा मी त्या शिव्यांमधून शिकले, हे ऑफिसात कोणाला सांगितलेलं नाही. आता वकील वाचतीलच.

मला त्या खोल्या अजून नीट आठवतात. मशरूम अंधारात वाढतात हे आपल्याला तिथे जाईपर्यंत माहीत नव्हतं. एजंट म्हणाला होता, बागेतलं काम आहे, हवेशीर. केवढा पोपट झाला आपल्या अकरा जणींचा! बिनखिडक्यांच्या सहा खोल्या, छतापर्यंत रॅक, ओल्या खताचा तो वास जेवणातही यायचा. कपाळाला दिवा बांधून मशरूमची एकेक टोपी हलक्या हाताने पिरगळून काढायची, देठ कापायचा, ट्रेमध्ये ठेवायची, डाग पडता कामा नये. एका दिवसात टोपी दुप्पट होते, म्हणून सुट्टी नाही. आपण आजारी पडलो तरी मशरूम आजारी पडत नव्हते. माझा अंगठा कापला आणि सुजून वांग्यासारखा झाला, तेव्हा बारा दिवस तू तुझी रांग करून माझीही करायचीस आणि माझ्या ट्रेवर माझा नंबर लावायचीस. वर पुन्हा मलाच दटावायचीस, “रडू नकोस, मशरूम खारट होतील.” खाटेवर आपण उलटसुलट झोपायचो आणि तुझे पाय माझ्या उशीवरून पार खाटेबाहेर जायचे. चौदा महिने मी तुझ्या तळव्यांशेजारी झोपले, शिडी. एवढी जवळीक माझी नवऱ्याशीही नाही.

पहिल्यांदा सरकारी माणसं आली तो दिवस मी खात्याच्या प्रत्येक प्रशिक्षणात सांगते. तू बरोबर होतीस तरी तुलाही पुन्हा सांगते, कारण आता तो हसण्यासारखा वाटतो. तिघेजण आले होते, हातात छापील प्रश्न. आपली भाषा कोणालाच येत नव्हती, म्हणून त्यांनी सुपरवायझरलाच दुभाषा केलं. त्याला आपली मोडकीतोडकी यायची. साहेबांनी विचारलं, “तुम्ही इथे तुमच्या मर्जीने राहता का?” आणि त्याने आपल्याला विचारलं, “जेवलात का?” अकराच्या अकरा जणींनी मान डोलावली. “कोणाची काही तक्रार?” याचं त्याने केलं, “अजून भूक आहे का?” आपण म्हटलं, नाही. साहेबांनी खुणा केल्या, सही घेतली आणि गेले. मला तेवढी भाषा नुकतीच कळायला लागली होती. मूळ प्रश्न मला त्यांची गाडी फाटकाबाहेर गेल्यावर उमगला, तेव्हा मी भिंतीला डोकं टेकून बसले आणि तू मला गदागदा हलवत विचारत होतीस, काय म्हणाला तो, काय म्हणाला.

नंतरचं सगळं तू ठरवलंस, हे मी आजवर जिथे जिथे सांगितलं तिथे ‘आम्ही ठरवलं’ असं सांगितलं. ते खरं नाही. वजनकाटे तपासायला एक माणूस वर्षातून दोनदा येतो आणि त्याला पॅकिंगच्या खोलीत एकटं सोडतात, हे तू हेरलंस. मला एक वाक्य तयार करायला लावलंस. तू तो काटेवाला व्हायचीस, छाती काढून उभी राहायचीस, आणि मी ट्रे घेऊन तुझ्यासमोरून जाता जाता ते म्हणायचं. मी वाक्य लांबवायला लागले की तू थांबवायचीस. “जास्त बोललीस तर त्याला वाटेल घरातलं भांडण आहे. एवढंच म्हण, आम्हाला बाहेर जाता येत नाही, कागद मालकाकडे आहेत.” महिनाभर घोकलं. तो आला, मी म्हटलं, त्याने मान वर करून बघितलंसुद्धा नाही. मला वाटलं, संपलं. एकवीस दिवसांनी सकाळी दोन गाड्या येऊन उभ्या राहिल्या.

तिथून पुढे माझं काय झालं ते थोडक्यात सांगते. आधी निवारागृह, बारा खाटा आणि एक न्हाणीघर. मग कागद. तात्पुरते राहण्याचे कागद मिळाले, पण त्यांवर अट होती की माझा जबाब खरा असला पाहिजे, पुढे खोटं निघालं तर कागदांचा फेरविचार होईल. ती ओळ मला पाठ आहे. मग एका हॉटेलच्या धुलाईखान्यात काम, मग राज्य सरकारने हा कक्ष उघडला. माणसांना फसवून आणून कामाला जुंपणाऱ्यांना शोधायचं, हे आमचं काम. फीत कापायला नऊ जण होते आणि काम करायला चार. त्या चारांत मी. ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, गाडी एकच, तिचं मागचं दार दोरीने बांधावं लागतं.

पहिलं काम मला पोस्टर तपासायचं दिलं. कारखान्यांच्या न्हाणीघरांत लावायला सहा भाषांत छापलं होतं. आपल्या भाषेत लिहिलं होतं, “आपणांस वाहून नेण्यात आले आहे काय?” मी हसता हसता रडले गं. आपण तिथे असतो तर तूच म्हणाली असतीस, नेलंय ना, टेम्पोतून. मी ते खोडून लिहिलं, “तुमचे कागद कोणाकडे आहेत? कोणालाही न विचारता तुम्हाला बाहेर जाता येतं का?” आणि खाली फोन नंबर. ते मंजूर व्हायला सात महिने लागले. ‘जेवलात का’चा किस्सा मी बाईंना सांगितला, तेव्हा त्या हसल्या नाहीत. त्यांनी तो लिहून घेतला आणि दोन वर्षं वरच्या लोकांच्या मागे लागून नियम करून घेतला की मालकाच्या माणसाला दुभाषा करायचं नाही. आज संपूर्ण राज्यात तो नियम आहे. थकल्यावर मी कधीकधी तेवढं एकच मोजते.

थकायला होतं फार. गेल्या वर्षी एकसष्ट ठिकाणी गेलो. निम्म्या ठिकाणी आम्ही पोचायच्या आधी आमच्या येण्याची खबर पोचलेली असते. झाडलेली फरशी, ओळीत उभ्या बाया, सगळ्यांच्या हातात आदल्या दिवशी वाटलेले कागद. सात ठिकाणी काही सापडलं. दोन प्रकरणं कोर्टात गेली. निकाल एकाचाही नाही. निवारागृहात आता वीस खाटा आहेत आणि न्हाणीघर अजून एकच. बाईंचं पुढच्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन आहे आणि त्या जिना चढताना दर पायरीला खात्याच्या नावाने एकेक शिवी घालतात. त्यांची एकच तक्रार आहे माझ्याबद्दल. मी कुठेही गेले की आधी शेवटच्या खोलीत जाते. दार बंद असेल तर किल्ली येईपर्यंत तिथून हलत नाही, मग बाकी सगळे गाडीत बसून हॉर्न वाजवोत. “तुला शेवटच्या खोलीचं काय वेड आहे गं?” बाई विचारतात. मी म्हणते, सवय.

तुमची जागा कशी सापडली, हे तुला कोर्टात कळेलच. थंड हवेची यंत्रं दुरुस्त करणारा जो मेकॅनिक आला होता, त्याने आमचं अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण केलेलं होतं. तेव्हा मागच्या बाकावर झोपा काढत होता, मला चांगला आठवतो. पण त्याने खताच्या पोत्यांमागे गुंडाळलेल्या गाद्या बघितल्या, आणि झोपायच्या खोलीची कडी बाहेरच्या बाजूला आहे हे बघितलं, आणि फोन केला. मालक तोच आहे, फक्त परवाना बायकोच्या नावावर आहे, हे आम्हाला तिथे गेल्यावर कळलं. आणि तू तिथे असशील हे तर मला स्वप्नातही नव्हतं.

नऊ जणी होत्या. त्यांच्याशी मीच बोलले. एक जण सतरा महिने बाहेर पडली नव्हती, तिला उन्हात डोळे उघडवेनात. चौघींनी सांगितलं की कुलूप तू लावायचीस. दोघींनी सांगितलं की फोन तू काढून घेतलेस. मी ते जसंच्या तसं बाईंना इथल्या भाषेत सांगितलं, एक शब्द कमी केला नाही, आणि तो माझ्या कामाचा भाग होता. सगळ्यात लहान मुलगी म्हणाली की तिला ताप आला की तिची रांग तूच करायचीस. तेही मी सांगितलं. तेही लिहिलं गेलं, पण कोणी त्याखाली रेघ मारली नाही. मग तुझी पाळी आली. तुला इथली भाषा माझ्याहून चांगली येते, तरी तू बाईंकडे न बघता आपल्या भाषेत म्हणालीस, “मला काही सांगायचं नाही.” मी ते भाषांतर केलं. आठ वर्षांनी आपल्यात झालेलं बोलणं एवढंच.

त्या कागदावर दुभाषीची सही असते. संबंधित व्यक्तींपैकी कोणालाही मी ओळखत नाही, असं छापलेलं असतं. मी सही केली.

गुरुवारी सरकारी वकिलांनी जुनी फाइल काढली. मालकावरचा पहिला छापा, म्हणजे आपला. त्यात एक ओळ आहे: दहा महिला आढळल्या, दहाही बाहेर काढल्या, आत कोणीही राहिलेले नाही. वकिलांचं म्हणणं सरळ आहे. सगळ्या कोंडलेल्या बायका त्या दिवशी बाहेर आल्या. मग जी आली नाही, ती कोंडलेली नव्हतीच. ती तेव्हापासून मालकाच्या बाजूची. म्हणून आरोपींच्या यादीत मालक पहिला, त्याची बायको दुसरी आणि तू तिसरी. इथल्या कायद्यात एक तरतूद आहे. जिला स्वतःलाच डांबून ठेवलं होतं आणि जिच्याकडून धाकाने कामं करून घेतली, तिच्याकडे गुन्हेगार म्हणून बघायचं नाही. पण ती तरतूद तुला लागत नाही, त्या एका ओळीमुळे.

ती ओळ माझी आहे, शिडी. त्या सकाळी तू ट्रॉली घेऊन सहा नंबरमध्ये गेली होतीस, अगदी टोकाला, जिथे ब्लोअरच्या आवाजात स्वतःचं खोकणंही ऐकू येत नाही. पोलीस आले तेव्हा आम्ही दहा जणी पॅकिंगला होतो. कपाटात पासपोर्टही दहाच निघाले, तुझा एजंटकडेच राहिला होता. आम्हाला गाडीत बसवत होते, मी शेवटची, दाराजवळ होते. बाई तेव्हा नवीन होत्या, हातात कागद घेऊन त्यांनी मोजलं, दहा, आणि भाषा येणारी मी एकटी म्हणून मला विचारलं, “झाल्या सगळ्या?” मी म्हटलं, “झाल्या.” मला आठवत होतीस तू. विसरले, घाबरले, गोंधळले, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं, पण मला तू कोणत्या खोलीत आहेस तेही त्या क्षणी माहीत होतं. नाही म्हटलं असतं तर मला त्यांच्याबरोबर मागे फिरावं लागलं असतं, सहा नंबरपर्यंतचा तो बोळ पुन्हा चालून जावा लागला असता. माझा एक पाय गाडीत होता, आणि तो मला बाहेर काढवला नाही. बस, एवढंच कारण आहे, यापेक्षा मोठं कारण माझ्यापाशी नाही. निवारागृहात रोज वाटायचं आज सांगते, मग कागदांवरची ती अट आठवायची. दोन वर्षांनी बसने तिथे गेले, तर रॅकसुद्धा उचलून नेलेले. शुक्रवारी मी बाईंकडे गेले आणि दोन्ही सांगितलं, तेव्हाचं ‘झाल्या’ आणि मंगळवारची सही. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, “तो कागद मी लिहिला होता. आठ वर्षं मी तो माझं पहिलं चांगलं काम म्हणून मिरवते आहे.” मग त्यांनीच कोरा कागद पुढे केला. माझा नवा जबाब काल दाखल झाला. दुभाषीचं काम गेलं, माझ्या कागदांचं काय होईल ते नंतर ठरेल, नवऱ्याला सगळं सांगितलंय. पुढच्या सोमवारी कोर्टात माझा जबाब मोठ्याने वाचतील. तो तू तिथे, सगळ्यांसमोर, पहिल्यांदा ऐकावास असं मला वाटलं नाही, म्हणून हे पत्र. माफी मागत नाहीये, ती मागायला मी तुझ्यासमोर उभी राहीन, तू राहू दिलंस तर. पण वकिलांशी बोल. त्या सकाळी तू आत होतीस, एवढं मी सांगितलंय. गाड्या निघून गेल्यावर आत काय झालं, आणि कुलूप तुझ्या हातात कसं आलं, ते मला माहीत नाही. ते तुलाच सांगावं लागेल.

तुझीच,
पोपट